तुमचे प्रश्न: कंपनीने हात वर केले, आता आम्ही काय करायचं?

या वेळच्या पत्रांत एकच रड जास्त दिसतेय, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काम थांबवलंय पण माझ्याकडे ते मस्त चालतंय, मग सोडू का नको. चार पत्रं घेतलीयेत. पहिलं लांबलचक आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांबलंय, इलाज नाही.

प्रश्न: मी गेली १७ वर्षं फिनाले या सॉफ्टवेअरवर स्टाफ नोटेशन करतेय, म्हणजे पाच रेघांवरची सुरांची लिपी लिहितेय. कॉयर आणि बँडसाठी अरेंजमेंट लिहिते, शिवाय दुसऱ्यांची हाताने लिहिलेली पानं स्वच्छ करून देते. पोटापाण्याचं काम आहे, हौस नाही. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं की आता पुढचं व्हर्जन येणार नाही, तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही. मग म्हटलं बघू, आणि गंमत म्हणजे आजपर्यंत काहीही बिघडलेलं नाही. बरोबरीचे सगळे म्हणतात असंच दुसरं सॉफ्टवेअर घे, डोरिको शिक, सिबेलियस शिक, नाहीतर म्युझस्कोर फुकट आहे ते घे. डोरिको उघडून बघितलं, चार बार लिहायला अर्धा तास गेला, अक्षरशः रडू आलं. आणि एक जगप्रसिद्ध कादंबरीकार म्हणे अजून विंडोजच्याही आधीच्या डॉसच्या जमान्यातल्या वर्डस्टार या लिहायच्या प्रोग्रॅमवर लिहितात, मग मीच का बदलू? माझ्याकडे ११०० च्या वर फायली आहेत. (एक अरेंजर)

उत्तर: फिनाले आत्ता सोडू नका. फायली मात्र आत्ताच बाहेर काढायला घ्या. ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि सगळा घोळ होतो तो लोक ती एकच समजतात म्हणून, मग "सोडायचं नाही" असं ठरलं की फायली काढायचंही राहून जातं.

आधी झालं काय ते बघू. मेकम्युझिक कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ ला फिनालेचं डेव्हलपमेंट थांबवल्याचं जाहीर केलं, १९८८ पासून चालत आलेलं सॉफ्टवेअर, तर धक्का बसणारच. पहिल्या घोषणेत असंही होतं की वर्षभरानंतर नव्या मशीनवर ऑथरायझेशन, म्हणजे चालवायची परवानगी, मिळणार नाही. त्यावर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की काही दिवसांतच ते मागे घेतलं आणि ऑथरायझेशन बेमुदत चालू ठेवू म्हणाले. चांगलंच झालं, पण बेमुदत म्हणजे कायमचं नाही हो. ती परवानगी देणारा सर्व्हर कुणीतरी चालवायचा असतो, त्याचं बिल कुणीतरी भरायचं असतं, आणि ज्या प्रॉडक्टमधून आता एक पैसा येत नाही त्याचं बिल पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यावर येतं ते तुम्हीच सांगा.

आता "काहीच बिघडलं नाही" म्हणताय ते. बिघडणारच नाही. सॉफ्टवेअर गंजत नाही, बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. फ्रीहँड हे ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर आठवतंय का? ॲडोबीने मॅक्रोमीडिया घेतली आणि २००७ मध्ये सांगून टाकलं की फ्रीहँड पुढे नाही. लोक वापरत राहिले, छान वापरत राहिले, कारण ते जुन्या पॉवरपीसी चिपसाठी लिहिलेलं असलं तरी नव्या मॅकवर रोझेटा नावाचा दुभाष्या त्याला चालवत होता. २०११ मध्ये मॅकची लायन सिस्टिम आली आणि ॲपलने तो दुभाष्याच काढून टाकला. फ्रीहँडमध्ये त्या दिवशी एक अक्षरही बदललेलं नव्हतं. २०१९ च्या कॅटालिना या मॅक सिस्टिममध्ये हेच ३२-बिटवाल्या, म्हणजे जुन्या घडणीच्या, सगळ्या प्रोग्रॅमचं झालं. तुमचं फिनालेही जाईल तेव्हा असंच जाईल, त्याची स्वतःची काही चूक नसताना, एखाद्या सकाळी "अपडेट उपलब्ध आहे" वर सवयीने बोट पडलं म्हणून. त्यामुळे पहिलं काम, ज्या मशीनवर फिनाले आहे त्याचे सिस्टिमचे ऑटोमॅटिक मोठे अपडेट बंद करा, छोटे सिक्युरिटीवाले चालू राहू देत.

माझीच फजिती सांगतो. माझं एक ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर होतं, नाव जाऊ दे, बंद झाल्यावर मी ते सहा वर्षं आरामात वापरलं आणि वर लोकांना ऐकवायचो की बघा, घाबरून पळालात. मग लॅपटॉप गेला. सीडी होती, लायसन्स की वहीत लिहिलेली होती, इन्स्टॉलही झालं, आणि शेवटच्या पायरीला ॲक्टिव्हेशनचं चक्र गरागरा फिरत बसलं कारण पलीकडे उत्तर द्यायला कुणी उरलंच नव्हतं. ३०० ड्रॉइंग, सगळ्यांचे आयकॉन पांढरे. शेवटी एका मित्राच्या माळ्यावर जुनं मशीन निघालं ज्यात ते अजून जिवंत होतं. तीन रात्री एकेक फाईल उघडायची, "फॉन्ट सापडत नाही", ओके, अक्षरांच्या जागी चौकोन, ओके, एक्सपोर्ट, पुढची. आपलं मशीन धडधाकट असताना हे दोन दुपारींचं काम होतं.

तर फायली. प्रत्येकीच्या तीन गोष्टी ठेवा: मूळ फाईल, पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरना वाचता येणारा सामायिक फॉरमॅट). एकेक करत बसू नका, फिनालेच्या एक्सपोर्ट मेनूत अख्खं फोल्डर म्युझिकएक्सएमएलमध्ये काढायची सोय आहे, ती रात्री लावून झोपा. १७ वर्षं म्हणजे तुमच्याकडे २०१४ व्हर्जनच्या आधीच्या जुन्या एमयूएस एक्स्टेन्शनच्या फायलीही असणार, त्या शेवटच्या व्हर्जनमध्ये उघडून नव्या फॉरमॅटमध्येही सेव्ह करून ठेवा. पीडीएफ कशाला, तर ते पान जसं दिसायला हवं होतं त्याचा पुरावा म्हणून. कारण म्युझिकएक्सएमएलमध्ये सूर, लय, गाण्याचे शब्द, डायनॅमिक्स, स्लर हे बऱ्यापैकी जातं पण तुम्ही मिलिमीटर मिलिमीटर सरकवून बसवलेला लेआऊट, स्वतः बनवलेली चिन्हं, प्लेबॅकची कलाकुसर, यातलं बरंच वाटेत सांडतं. आणि सांडलंय हे कळत नाही, तीच गोची आहे, पान उघडतं, ठीकठाक दिसतं, आणि तालमीत कुणीतरी हात वर करतं की माझ्या पार्टमध्ये दुसरं एंडिंगच नाहीये. म्हणून चाचणीला सोपी फाईल घेऊ नका. तुमची सगळ्यात छळवादी फाईल घ्या, ज्यात क्लॅरिनेटसारखी ट्रान्सपोज होणारी वाद्यं आहेत, ड्रमचं नोटेशन आहे, दोन कडव्यांचे शब्द आहेत, ती म्युझस्कोरमध्ये उघडा आणि पीडीएफ शेजारी ठेवून वरून खाली वाचा. फुकट आहे, सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) उघडा आहे, निदान तपासायला तरी ते मशीनवर असू द्या. काय काय सांडतं त्याची यादी एकदा झाली की बाकीच्या फायलींत कुठे बघायचं ते कळतं. ११०० च्या ११०० दुरुस्त करायच्या नाहीयेत, पुन्हा मागितल्या जाणाऱ्या किती असतील, शंभर?

डोरिकोचं रडू. माझा अंदाज आहे की तुम्ही फिनालेत स्पीडी एंट्रीवाल्या आहात, म्हणजे आधी सूर पकडायचा आणि मग आकडा दाबून त्याची लांबी. डोरिको मुळात उलटं मागतं, आधी लांबी मग सूर. १७ वर्षांची बोटं उलटी चालवायला लागली तर अर्धा तास जाणारच, त्यात तुमच्या अकलेचा काही संबंध नाही. पण सूर आधी घेण्याचा पर्याय त्यात आहे, नोट इनपुटच्या सेटिंगमध्ये, तो चालू करून पुन्हा एकदा बसा. आणि डेडलाईनवालं काम घेऊन तर मुळीच बसू नका, महिन्याला एक बारकी गोष्ट, एक पानाचं काहीतरी, ते नव्यात. जुन्या फायलींच्या दुरुस्त्या फिनालेतच चालू द्या. पान सुबक दिसण्याचेच पैसे मिळत असतील तर मी तुमच्या जागी डोरिकोच घेतलं असतं.

राहिले ते कादंबरीकार. त्यांचं जमतं कारण त्यांच्याकडून बाहेर जातात ती नुसती अक्षरं, आणि अक्षरांना पान, फॉन्ट, लेआऊट हे सगळं पुढे दुसरं कुणीतरी देतं. शिवाय ते मशीन नेटला जोडलेलंच नाही आणि इमेलला वेगळा कंप्युटर आहे. तुमच्याकडून जातं ते छापायला तयार पान. ज्याचा माल साधा त्याला जुनं हत्यार कितीही वर्षं पुरतं.

प्रश्न: आमच्या ऑफिसात यंत्रांचे सुटे भाग डिझाईन करायचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ते बनवणारी कंपनीच गुंडाळली गेली. विंडोज ७ चा पीसी, मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या सॉकेटला, डोंगल, ती किल्ली लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. साहेब म्हणतात चालतंय ना, मग हात लावू नका. नवीन लागलेला मुलगा म्हणतो हे एक दिवस हॅक होऊन सगळ्यांना बुडवणार. दोघांत रोज वाजतं. बरोबर कोण? (डिझाईन विभागातला एक)

उत्तर: मुलगा बरोबर आहे पण धोका चुकीचा सांगतोय, आणि साहेबांचं धोरण बरोबर आहे पण अर्धवट आहे.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. असं मशीन नेटवर्कला जोडून ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं ते नेमकं पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, न टाकलेल्या विंडोजमधून, एका मशीनमधून शेजारच्यात, कुणी कशावर क्लिकसुद्धा न करता. तेव्हा ती केबल आजच काढा. वायफाय असेल तर तेही. फायली पेनड्राइव्हने न्या-आणा, आणि तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, गाणी भरायचा नाही, आधी नव्या मशीनवर स्कॅन करायचा, कारण २०१० मध्ये सापडलेलं स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर नेटपासून तोडलेल्या मशीनमध्ये शिरलं ते पेनड्राइव्हवरूनच. एवढं केलं की हॅकिंगची भीती बरीच आटोक्यात आली.

पण तुमचा पीसी हॅकरच्या हातून मरेल असं मला वाटत नाही. तो मरेल हार्डडिस्कने किंवा पॉवर सप्लायने, किंवा झाडू मारताना कुणाचातरी पाय त्या डोंगलला लागेल. डोंगल ही तुमची सगळ्यात नाजूक जागा. ते एकच आहे, दुसरं देणारी कंपनी नाही, आणि ते गेलं की सॉफ्टवेअर समोर असून उघडणार नाही. ते बाहेर लोंबकळत असेल तर पीसी भिंतीकडे वळवून ठेवा, हसू नका, खरंच वळवा. हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे सिस्टिमसकट जशीच्या तशी नक्कल, घ्या, नुसता फोल्डर कॉपी करून भागत नाही, आणि ती इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकून त्यावरून पीसी एकदा सुरू करून बघा, न तपासलेला बॅकअप म्हणजे मनाची समजूत. तसाच पॅरलल पोर्ट असलेला एखादा जुना पीसी कुणी टाकून देत असेल तर उचलून आणा.

व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे नव्या कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना कंप्युटर, हे पिल्लू तो मुलगा सोडेलच. यूएसबी डोंगल असतं तर मीही म्हटलं असतं करा, पॅरलल पोर्टचं डोंगल व्हर्च्युअल मशीनला दाखवणं मात्र फार कटकटीचं. आणखी एक गंमत असते, कधी कधी प्रोग्रॅम ३२-बिट असतो, नव्या विंडोजवर चाललाही असता, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असतो आणि ६४-बिट विंडोज १६-बिटचं काहीच चालवत नाही, मग घरात जागा आहे पण दारातून सामान आत जात नाही अशी गत. "डोंगल लागत नाही" अशी क्रॅक केलेली फाईल कुणी आणून देईल, घेऊ नका, कायद्याची भानगड आहेच आणि असल्या फायलींतून काय काय आत येतं ते मी बघितलंय.

आणि ड्रॉइंग बाहेर काढा. टूडी असेल ते डीएक्सएफमध्ये, थ्रीडी असेल ते स्टेपमध्ये, हे दोन्ही दुसऱ्या डिझाईन सॉफ्टवेअरना वाचता येणारे फॉरमॅट. स्टेपमध्ये आकार नीट जातो पण तो कसा बनला ती फीचरची शिडी जात नाही, म्हणजे भोक दिसेल पण "हे भोक १० चं १२ कर" असं आकडा बदलून होणार नाही. म्हणून जे भाग वारंवार बदलतात त्यांचे मापांसकट ड्रॉइंग पीडीएफ करून ठेवा, पुढेमागे नव्यात परत बनवायची वेळ आली तर तेच उपयोगी येईल. साहेबांना हा खर्च मान्य नसेल तर एकच विचारा, डोंगल उद्या तुटलं तर परवा काय करायचं.

प्रश्न: मी फोटोग्राफर. ॲपर्चर हे ॲपलचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर अजून एका जुन्या मॅकवर चालवतोय, सगळं जुनं कलेक्शन त्यात आहे. आता मॅक धापा टाकतोय. फोटो तर माझेच आहेत, ते कुठे जाणार, असं मनाला सांगतो. बरोबर ना?

उत्तर: फोटो कुठे जाणार नाहीत, जाईल ती तुमची मेहनत. मूळ फाईल लायब्ररीच्या आत शाबूत असते पण तुम्ही केलेलं एडिटिंग म्हणजे ॲपर्चरला दिलेल्या सूचना असतात, त्या दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. ॲपलने २०१४ मध्ये ते थांबवलं आणि मोहावेच्या पुढच्या मॅकओएसवर ते चालत नाही. ॲडोबीच्या लाईटरूममध्ये आणलं तर फोटो आणि कीवर्ड येतात, एडिटिंग येत नाही. ॲपलच्या फोटोजमध्ये एडिटिंग बरंचसं टिकतं पण तुम्ही फोटोंना दिलेले तारे (पसंतीचे गुण) साध्या कीवर्डमध्ये बदलतात, १५ वर्षं पाचात पाच आणि पाचात चार करत निवडलेलं सगळं शोधायच्या पट्टीत जाऊन बसतं. तेव्हा मॅकला श्वास आहे तोवर चार आणि पाच ताऱ्यांचे फोटो एडिट केलेल्या रूपात पूर्ण साइजच्या टिफमध्ये काढा, जागा भरपूर खाईल, खाऊ दे. बाकीच्यांचे फक्त मूळ. तीन ताऱ्यांच्या खालचे तुम्ही गेल्या दहा वर्षांत उघडलेत का, खरं सांगा.

प्रश्न: कंपनीने जाहीर केलं तर कळतं. पण जे गुपचूप मरतं ते ओळखायचं कसं? मी ओपनऑफिस (फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर) वापरतो, अपडेट येतात, लोक मात्र म्हणतात ते संपलंय.

उत्तर: अपडेट येतात का ते बघू नका, अपडेटमध्ये काय येतं ते बघा. ओपनऑफिसचं ४.१ आलं २०१४ मध्ये आणि त्यानंतर येतंय ते ४.१ च्या पुढे टिंब देऊन आकडा, म्हणजे डागडुजी. काम करणारे बरेच लोक २०१० मध्येच फुटून लिब्रेऑफिसकडे गेले. तुम्ही आज लिब्रेऑफिस टाकलंत तर त्याच फायली तशाच उघडतील, इतकं सोपं स्थलांतर वरच्या तिघांपैकी कुणाच्याच नशिबात नाहीये, त्यामुळे तुमच्या पत्राला मी जास्त जागा देणार नव्हतो.

पण गुपचूप मरणाची खूण विचारलीत म्हणून सांगतो. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की त्यांच्या साइटवर "आम्ही तपासलं, चालतं" असं किती दिवसांत येतं ते बघायचं. जिवंत टीम आधीच सांगते. आजारी टीम तीन महिन्यांनी सांगते. काहीच आलं नाही तर उत्तर मिळालं. आणि सोर्स खुला असेल तर मेलेलंही उठतं कधी कधी, ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली होती, लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले, सोर्स सोडवून घेतला आणि आज त्यावर लोक पोट भरतायत. पण एक लक्षात घ्या, तिथे विकत घ्यायला सोर्स समोर होता आणि विकणारा राजी होता. फिनालेचा सोर्स असा कुणी बाजारात मांडलेला नाही, म्हणून पहिल्या पत्रातल्या बाईंना मी वाट बघा असं म्हटलं नाही.